चित्रपटांत आणि टीव्हीवर दिसतो तसाच लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल प्रत्यक्षात आहे का? मुद्दाम आत जाऊन बघावा का?

आत जा. समोरच्या फुटपाथवरून फोटो काढून परत येणार असाल तर तुम्ही तो हॉल पाहिलेला नाही, हे आधीच सांगते.

तुम्ही लिहिलंय की हिचकॉकच्या सिनेमात आणि बीबीसीच्या प्रॉम्समध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळी संगीत महोत्सवात, तो इतक्यांदा पाहून झालाय, मग वेगळे पैसे कशाला घालायचे. हेच वाक्य मी २०११ साली त्याच हॉलसमोर उभी राहून ऐकलंय, माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून. म्हणून लिहायला बसले.

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अण्णांनी हौसेनं रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. त्यावर सगळ्यात जास्त फिरली ती लताबाईंच्या १९७४ सालच्या अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड. दिलीपकुमार आपल्या त्या नजाकतीच्या उर्दूत त्यांची ओळख करून देतात, मग गाणी. गाणं चालू असताना आम्ही कुजबुजलो तरी अण्णा काही बोलायचे नाहीत. गाणं संपलं की मात्र हात वर करून गप्प करायचे. ‘आता टाळ्या ऐका,’ म्हणायचे. ‘जवळच्या आधी येतात, लांबच्या मागून. केवढी मोठी जागा असेल ती!’ रेल्वेत कारकुनी केलेला माणूस, तोवर मुंबईबाहेर फार गेलेला नाही, आणि टाळ्यांवरून जागा मोजत होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तो हॉल मी आधी असा ऐकला, पडद्यावर पाहिला तो खूप नंतर.

पडद्यावर म्हणजे अर्थात हिचकॉकचा ‘द मॅन हू न्यू टू मच’, १९५६ चा. पाहुण्या पंतप्रधानांवर गोळी झाडायची आहे आणि ती बरोबर झांजांच्या ठोक्याला, म्हणजे आवाज त्यात दडून जाईल. सुमारे बारा मिनिटं एकही संवाद ऐकू येत नाही. नायक जेम्स स्टुअर्ट पोलिसांशी हातवारे करकरून बोलतोय, आपल्याला फक्त वाद्यवृंद ऐकू येतो. नायिका डोरिस डे दाराशी उभी. एका बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या स्वतंत्र सज्जात, मारेकरी, दुसऱ्यात पंतप्रधान, आणि या तिघांच्या मधे ती प्रचंड लंबगोल पोकळी. ती किंचाळते ती झांजांच्या क्षणभर आधी. संगीत खरं वाजवलंय लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं, आणि समोर उभा राहून ते वाजवून घेणारा माणूस म्हणजे सिनेमाचा संगीतकार बर्नार्ड हरमन स्वतः.

हाच सिनेमा हिचकॉकनं १९३४ मध्ये एकदा केला होता, तेव्हाही हाच हॉल होता. पण तेवढा प्रेक्षक भरायला पैसे नव्हते. मग रिकाम्या हॉलचे फोटो काढले, त्यांवर मातानिया नावाच्या चित्रकाराकडून माणसं रंगवून घेतली आणि आरशाच्या युक्तीनं ते चित्र खऱ्या नटांशी जोडलं. म्हणजे त्या सिनेमात भरलेला हॉल दिसतो तो बराचसा रंगवलेला आहे. ‘ब्रास्ड ऑफ’ या खाणकामगारांच्या बँडवरच्या सिनेमात स्पर्धेची अंतिम फेरी कथेत अल्बर्ट हॉलला आहे, पण आतलं चित्रीकरण बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये झालंय. तो चौकोनी, हा लंबगोल, नीट बघितलं की कळतं. माझ्या भावाला कळलं नव्हतं. ‘हाच तो, मी ओळखला’ असं तो घरात सगळ्यांना सांगत होता.

तर २०११. दादानं आई-अण्णांना युरोपची सहल घडवली, मीही बरोबर होते. टूरच्या बसनं आम्हाला हॉलसमोर, रस्त्यापलीकडच्या अल्बर्ट मेमोरियलपाशी उतरवलं. पंधरा मिनिटं, फोटो काढा आणि चढा. अण्णा तेव्हा ७६ वर्षांचे. त्यांनी फोटो काढलाच नाही. रस्ता ओलांडून सरळ दाराकडे निघाले. टूर मॅनेजर मागून धावत आला, म्हणाला, आत जाणं कार्यक्रमात नाही, बाकीचे खोळंबतील. मी म्हटलं, बाकीच्यांना पुढे जाऊ द्या, आम्ही दोघं टॅक्सीनं हॉटेलवर येतो. तेव्हा दादा म्हणाला, ‘अण्णा, टीव्हीवर आपण सगळं आतून पाहिलंय ना? इथल्यापेक्षा तिथंच चांगलं दिसतं.’ अण्णा एवढंच म्हणाले, ‘बरं.’ आणि बसमध्ये जाऊन बसले. त्या सहलीत त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. नंतर खूपदा भांडले, पण वेळ गेल्यावर भांडून काय उपयोग?

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलगी तिकडे शिकत होती म्हणून गेले. प्रॉम्स चालू होते. उभं राहून ऐकायचं तिकीट सहा पौंड, म्हणजे तेव्हाचे सव्वापाचशे रुपये. त्याच दिवशी काढायचं असतं. मी मुद्दाम सगळ्यात वरच्या गॅलरीचं काढलं. तिथं खुर्च्या नाहीत. लोक कठड्याला टेकून उभे, काही जण चादर अंथरून डोळे मिटून आडवे पडलेले. खाली पाहिलं तर वाद्यवृंद तळहाताएवढा. पहिल्यांदा वाटलं, दादा खरं बोलला, टीव्हीवर चांगलं दिसतं.

मग झांजा आल्या. वादक उठला, त्यानं हात फाकवले, झांजा एकमेकींवर आदळून बाजूला झालेल्या मला दिसल्या आणि मग आवाज आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तिथून वरपर्यंत अंतर चाळीस-पन्नास मीटर तरी असेल. म्हणजे सेकंदाचा सातवा-आठवा भाग उशीर. पापणी मिटावी एवढा. पण कळतो. सिनेमात आणि टीव्हीवर हा उशीर नसतोच, कारण माईक वाद्यांजवळ असतात आणि चित्र-आवाज जुळवून दिलेले असतात. कॅमेरा तुम्हाला व्हायोलिनवाल्याच्या बोटापर्यंत नेतो आणि मधली जागा गिळून टाकतो. त्या हॉलमध्ये बघण्यासारखी गोष्ट ती मधली जागाच आहे.

कार्यक्रम संपला. टाळ्या सुरू झाल्या आणि मी वाजवल्याच नाहीत. ऐकत राहिले. आमच्या बाजूच्या आधी, कानाशी. मग समोरच्या गॅलरीतल्या. खालच्या, मंचासमोरच्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्यांच्या, वेगळ्याच, पावसासारख्या. बाहेर पायऱ्यांवर येऊन डोंबिवलीला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. अण्णा जागे होते. त्यांनी कोण वाजवत होतं, काय वाजवलं, काही विचारलं नाही. ‘लांबच्या मागून येतात ना?’ म्हणाले. मी हो म्हटलं. पुढे दोघांनाही बोलता आलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. लाल गाद्या, सोनेरी बॉक्स, घुमट हे सगळं पडद्यावर दिसतं तसंच आहे. छताला उलट्या लटकणाऱ्या मोठ्या तबकड्या दिसतील, त्यांना तिथं ‘मशरूम’ म्हणतात. हॉल १८७१ मध्ये उघडला तेव्हापासून तिथं प्रतिध्वनीचा त्रास होता, तो कमी करायला १९६९ मध्ये फायबरग्लासच्या या तबकड्या लावल्या. जुन्या चित्रफितीचा काळ ओळखायला ही चांगली खूण आहे. हिचकॉकच्या सिनेमात त्या नाहीत. अण्णांच्या रेकॉर्डवरच्या टाळ्या मात्र त्यांच्याखाली वाजलेल्या आहेत. टीव्हीवर हा हॉल गाण्याखेरीजही पुष्कळ दिसलाय. १९६८ ची युरोव्हिजन स्पर्धा, १९७० ची मिस वर्ल्ड, जिच्यात स्त्रियांनी पिठाच्या पुड्या फेकून निषेध केला, १९९१ ची सुमो कुस्ती. त्यातलं काहीही बघून आतल्या जागेचा अंदाज येत नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. गॅलरीत आवाज थोडा विरघळल्यासारखा येतो. एकेक वाद्य सुटं ऐकायचं असेल तर घरी चांगल्या हेडफोनवर जास्त स्वच्छ ऐकू येईल, वादकांचे चेहरे बघायचे असतील तर टीव्हीच बरा. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे. आणि दोन तास उभं राहणं गुडघ्यांना जड जातं. बरोबर वयस्कर माणूस असेल तर खुर्चीचं तिकीट काढा. कार्यक्रमाचं जमत नसेल तर दिवसा आतून हॉल दाखवणाऱ्या टूर असतात, त्याचं काढा. पण कोणी दाराकडे चालू लागलं असेल तर त्याला बसकडे वळवू नका. बस चुकली तर टॅक्सी मिळते. मी २०११ मध्ये हे म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणेन. दादा, तू हे वाचशील तेव्हा तुलाही.

कार्यक्रमाला गेलात तर शेवटी लगेच टाळ्या वाजवू नका. आधी थोडं थांबून ऐका.