कोकणात 'इमर्सिव्ह' रिसॉर्ट करायचं तर आर्किटेक्ट लागतोच का?

तुम्ही विचारलंय की गुहागरजवळ आजोळची दोन एकर बाग आहे, भाऊ म्हणतो प्रोजेक्टर लावून 'इमर्सिव्ह' रिसॉर्ट करू, म्हणजे पाहुणा चहूबाजूंनी चित्र-आवाजात बुडून जाईल असं, मग आर्किटेक्टला पैसे कशाचे द्यायचे? मी कुडाळला राहून हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक ऐका. एका रिसॉर्टमध्ये समुद्राखाली असल्यासारखी खोली केली होती, प्रोजेक्टरमुळे चारी भिंतींवर मासे पोहायचे. मे महिन्यात उद्घाटन, लोक खूश. वर पत्रा, कारण मालकाला घाई होती आणि मी गप्प बसलो. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्या तडतडाटात स्पीकर कुणाला ऐकूच येईना. तिथले म्हातारे माळीबुवा दारातून डोकावून म्हणाले, "साहेब, ह्या नाटक पावसाचा काय तुमचा?" गणपतीपर्यंत लेन्सला बुरशी धरली. पुढच्या उन्हाळ्यात पत्रा काढून मंगलोरी कौलं चढवली, खाली फळ्यांचं छत मारलं आणि एक भिंत पाडून तिथे पडवी काढली. आता पावसाळ्यात मासे बंद असतात. लोक चहा घेऊन पागोळ्या बघत बसतात.

या कामात खरं डिझाइन असतं ते क्रमाचं. माणूस कुठून येतो, आधी काय ऐकतो, डोळे कधी दिपतात, कधी निवतात. आपली जुनी घरं बघा. खळ्यातल्या रणरणत्या उन्हातून आलात की पडवीचं छप्पर इतकं खाली की मान वाकवावीच लागते. आत ओटीवर अर्धा उजेड, माजघरात अंधार, सारवलेल्या जमिनीचा गारवा. दशावतारातही तेच. देवळाचा मंडप, एक लाकडी बाक, पेटी, मृदंग, झांज. तोच बाक राजाचं सिंहासन होतो आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. तुमच्या बागेत मृगाच्या आसपास काजवे येत असतील तर तिकडे एकही दिवा लावू नका. एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी माझी अर्धी फी वसूल. (डास येतीलच, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.)

उरलेली कामं रुक्ष आहेत, पण पैसे तिथेच बुडतात. बाग किनाऱ्याला लागून असेल तर आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम, बघा. 2019च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या भागात 50 मीटर आणि विरळ वस्तीत 200 मीटर पट्टा बांधकामासाठी बंद ठेवलाय. दाट म्हणजे 2011च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं. भिंती जांभ्याच्या करा, चिरा उघडा ठेवलात तरी शोभतो. बाहेरचे स्क्रू, बिजागऱ्या 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घेऊ नका. खाऱ्या वाऱ्यात त्यावर डाग धरतात, 316 बरंच जास्त टिकतं. आणि 2020च्या जूनमधलं निसर्ग वादळ आठवून कौलं नुसती रचून ठेवू नका, कडेच्या ओळी तरी तारेनं बांधून घ्या.

भावाला सांगा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढून ठेव. पहिली भेट मात्र जुलैतलीच ठरवा, पाणी कुठून वाहतं ते मला बघायचंय. रेनकोट माझा मी आणतो.