कप म्हणजे नक्की किती ग्रॅम?

प्रश्न : ताई, नणंदेने बेसनाच्या लाडवांची रेसिपी पाठवलीये. अर्धा किलो बेसन, २५० ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. माझ्याकडे वजनकाटा नाही, वाट्या आहेत आणि एक मेजरिंग कपांचा सेट. नेटवर एकीकडे एक कप म्हणजे २५० ग्रॅम लिहिलंय, दुसरीकडे १२०. कुठलं खरं धरू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कप म्हणजे इतके ग्रॅम असं कुणी सरसकट सांगितलं की तिथेच वाचणं बंद करायचं. कपाने जागा मोजतात, वजन नाही. तुमच्या सेटमधला कप बहुतेक २४० मिलीचा असेल, दांड्यावर कोरलेलं असतं ते बघा. त्यात पाणी २४० ग्रॅम बसतं, साखर साधारण २००, बारीक रवा १७० च्या आसपास, मैदा १२० ते १२५. म्हणजे नेटवरचा एक आकडा पाण्याचा आणि दुसरा पिठाचा, एवढंच.

आता लाडू. बेसन चाळून अलगद भरलं तर कपात शंभरच्या आगेमागे बसतं आणि डब्यात कप खुपसून, वर ठोकून भरलं तर सहज सव्वाशेच्या घरात जातं, त्यामुळे ते कपाने मोजूच नका, अर्धा किलोचं पाकीट आणा आणि अख्खं कढईत ओता, वजन कंपनीने केलेलंच आहे की!

साखर दळायच्या आधी मोजा. दाणेदार साखर सपाट दोन कप म्हणजे ४०० ग्रॅम, ती मिक्सरला लावा. दळून झाल्यावर मोजायला जाल तर फसाल, कारण पिठीसाखर फुगते आणि एका कपात १२० ग्रॅमच्या आसपासच मावते.

तूप पातळ करून घ्या, रवाळ तूप वाटीत भरलं की मधे पोकळ्या राहतात. आणि तूप-तेल पाण्यापेक्षा हलकं, तेलाच्या पिशवीवर १ लिटरच्या जोडीला ९१० ग्रॅम छापलेलं असतं ते त्यामुळेच. तेव्हा २५० ग्रॅम तुपाला २७५ मिली लागेल, म्हणजे एक कप आणि वर सेटमधले दोन मोठे चमचे. पण सगळं एकदम ओतू नका हं, बेसन भाजताना कसं सुटतंय ते बघत बघत घाला, जाडसर बेसनाला आणि बारीक बेसनाला तूप सारखं लागत नाही.

घरची वाटी किती मिलीची ते काढायचं असेल तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडा आणि वाटीने मोजत पातेल्यात ओता. चार वाट्या भरल्या तर वाटी १२५ मिलीची, तीन भरल्या तर १६५ च्या जवळपास. एकदाच करायचं काम आहे, आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा.

बाकी शंकरपाळ्यांसारख्या पदार्थांना हा खटाटोप करायचाच नाही. तिथे वाटीभर तूप, वाटीभर दूध, वाटीभर साखर आणि मावेल तेवढा मैदा, वाटी कुठलीही घ्या, फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा. उगाच ग्रॅममधे कशाला शिरायचं. केकचं वेगळं, तिथे मैदा ३० ग्रॅम जास्त पडला तरी केक कोरडा होतो, म्हणून वरचेवर केक करणार असाल तर सरळ वजनकाटा घ्या.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. तिथल्या सेटने आईच्या रेसिपीचा केक केला तर सोड्याचा वास येतो. कप वेगळे असतात का?
– एक वाचक

उत्तर : कप थोडाच वेगळा, २५० मिलीचा, त्याने फार बिघडत नाही. खरी गडबड मोठ्या चमच्याची. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, इकडच्या सेटमधे १५ चा. आईने बेकिंग पावडर एक टेबलस्पून लिहिली असेल तर तुम्ही ती एक तृतीयांश जास्त घालताय. टीस्पून मात्र दोन्हीकडे ५ मिलीचाच, तेव्हा आईच्या प्रत्येक टेबलस्पूनला तीन सपाट टीस्पून घाला.