आधी गाऱ्हाणं, मग उपकारस्तुती

"आम्ही प्रार्थना करतो, उपास धरतो, तरी चर्चमधून घरी येताना मन कडूच होऊन येतं. असं काहून होतं?"

नागपुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणारे बहुतेक जुने, राबणारे सभासद असतात: महिला संघाच्या बाई, क्वायरमधले काका, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशाळेच्या, शिक्षिका. तक्रारीही त्याच. उपदेश लांबतो, हिशेब वेळेवर लागत नाही, नवी घरं पुढे पुढे करतात, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीपासून दोन घरांचं बोलणं बंद आहे. "प्रभूचे उपकार आठवा, सगळं ठीक होईल" हे उत्तर त्यांना आधीच कुणीतरी दिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. अर्धंच दिलं की माणूस तक्रार गिळतो आणि आतून अधिक कडू होतो. माझ्याकडे आलेल्या एका काकूंच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू निवृत्त शिक्षिका. मिस्टर दीड वर्षापूर्वी गेले. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेब अनेक वर्षं तेच बघत. आता ते काम दुसऱ्या एका बाईंकडे आहे आणि काकूंचा सगळा राग त्या बाईंवर. उपासनेला जाणंही त्यांनी सोडलं होतं.

"त्यांच्यासाठी प्रार्थना करता?" मी विचारलं.

"करते ना जी. बुधवारच्या घरप्रार्थनेत दर वेळी."

"काय म्हणता?"

"हेच, की प्रभू, आमच्या एका बहिणीला जबाबदारीची जाणीव दे."

"ती बहीण कोण, हे बाकीच्यांना कळतं?"

काकू जरा थांबल्या. "सगळ्यांनाच कळतं."

मंडळीतली कुरकूर चहाच्या कपाभोवती जितकी पसरते, त्याहून जास्त ती प्रार्थनाविनंतीच्या वाटेने पसरते, असं माझं ठाम मत आहे. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला अडवता येत नाही आणि सांगणाऱ्याला अपराधी वाटत नाही. म्हणून पहिला नियम मी हाच देते: ज्या माणसाबद्दल प्रार्थना करायची, तो शेजारी बसला असता तर जे शब्द तोंडातून निघाले असते, तेवढेच चारचौघांत काढायचे. उरलेले खोलीचं दार लावून देवाला सांगायचे. तिथे काही लपवू नये.

काकूंकडे उपकारांची वहीही होती. कुणीतरी सुचवलं म्हणून रोज लिहायच्या. मी ती पाहिली. प्रत्येक पानावर तेच चार शब्द: आरोग्य, घर, मुलं, पेन्शन. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं, एकही प्रसंग नव्हता. अशा वहीचा हाताला सराव होतो, मनाला काही लागत नाही.

ती वही बाजूला ठेवायला सांगून मी त्यांना बायबलमधलं १३वं स्तोत्र वाचायला दिलं. अवघ्या सहा ओव्या. पहिल्या दोनांत "कोठवर?" असा सवाल पुन्हा पुन्हा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि भरवसा व गाणं अगदी शेवटी. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दाविदाला जे चालतं ते आपल्यालाही चालावं. याच क्रमाने स्वतःचं लिहून आणायला सांगितलं: निम्मा कागद गाऱ्हाण्याला, मग एक मागणं, मग जमलं तरच आभार.

पुढच्या वेळी काकूंनी कागद आणला आणि मधली एक ओळ वाचताना त्यांचा आवाज फुटला. "मिस्टर गेले त्याला पंधरा दिवस नाही झाले, तर हिशेबाच्या कपाटाची किल्ली मागायला माणूस आला. इतकी वर्षं त्यांनी केलं, त्याबद्दल कोणी एक शब्द नाही बोललं."

खूप वेळ त्या रडल्या. मग मी विचारलं, "किल्ली मागायला त्या बाई आल्या होत्या?"

"नाही. कमिटीचा माणूस."

"मग राग त्या बाईंवर का?"

उत्तर आलं नाही. त्यांना मी एकच गोष्ट आठवायला सांगितली: या बाईंनी कधी काही केलं होतं का?

"तिनं? काहीच नाही जी." मग बऱ्याच वेळानं, हळू आवाजात: "मिस्टर आयसीयूत होते ना, तेव्हा रोज सकाळी चहा आणायची. अद्रकवाला. थर्मास तिचाच. मी तो परत नाही केला, अजून माझ्या ओट्यावरच आहे."

अशा कामात मी याच क्षणाची वाट बघत असते. गाऱ्हाण्याला त्याचा खरा पत्ता मिळाला, म्हणून उपकाराला वर यायला जागा झाली. बायबलमधल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय बंदिवासातून लिहिलेला आहे. त्यात आभारासह मागणी देवाला कळवा असं पौल सहाव्या ओवीत सांगतो, पण त्याआधी दुसऱ्याच ओवीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना तो नावं घेऊन एकचित्त व्हायची विनंती करतो. मंडळीतलं भांडण त्याने झाकलं नाही. आणि आभार मागण्यासोबत सांगितले, मागण्याच्या जागी नाही.

काकूंना दोन कामं दिली. बायबलमधल्या मत्तय १८:१५ प्रमाणे गाऱ्हाणं थेट संबंधितांकडे न्यायचं: पाळकांना (पास्टरांना) एकट्यात भेटून किल्लीचा प्रसंग तीन-चार वाक्यांत सांगायचा, त्या बाईंचं नाव न घेता. आणि थर्मास स्वतः नेऊन द्यायचा.

घरी करायचा सराव असा. आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, तीनच ओळी. प्रत्येक ओळीत माणसाचं नाव, त्याने नेमकं काय केलं आणि त्याला त्यासाठी काय कष्ट पडले. "मंडळी चांगली आहे" चालणार नाही; "अमक्यांनी ऊन असताना सतरंज्या झटकून घातल्या" चालेल. रोज लिहिलं की आरोग्य-घर-पेन्शन सुरू होतं. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासातही एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, आणि अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा आभार लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल बरं वाटलं. रविवारी त्या तीनपैकी एक ओळ त्या माणसाला तोंडावर सांगायची, चहाच्या आधी. चहा सुरू झाला की गाडी तक्रारींवर जातेच.

महिला संघात हेच करायचं असेल तर सभेच्या सुरुवातीची दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीने एक वाक्य, एक नाव. पाळक आणि त्यांच्या घरच्यांची नावं यात नकोत, नाहीतर त्याची खुशामत होते. "या वेळी तरी वेळेवर आल्या, आभार" असा गोड टोमणा आला तर चालवणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवावं. तक्रारींसाठी वेगळा कागद ठेवा आणि तो कमिटीच्या विषयपत्रिकेवर जाऊ द्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा, दोन्हींना त्यात जागा आहे. इतका मोठा मतभेद मान्य करून लोक एका छपराखाली आले, तर हिशेबाचा प्रश्न उघड विचारल्याने मंडळी फुटत नाही.

काकूंच्या मिस्टरांच्या कामाची नोंद कमिटीने नंतर इतिवृत्तात घेतली. हिशेब त्या बाईंकडेच राहिला आणि काकूंना तो अजूनही ढिला वाटतो. आता काकू ते त्या बाईंनाच सांगतात.

काही ठिकाणी हा उपाय वापरू नये. पैशांची अफरातफर, छळ किंवा घरातली मारहाण असेल तिथे "उपकार माना" म्हणणं अन्यायाला साथ देणं आहे. तिथे लेखी तक्रार आणि कायदा. दोन आठवड्यांहून अधिक झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, प्रार्थना सोबत चालू ठेवून. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.