ब्रिटनच्या हिवाळ्यात शिडाच्या बोटीवर राहणे कितपत शक्य आहे?

नोकरीनिमित्त तुम्ही दोघे साउथॅम्प्टनला येत आहात, तिथली घरभाडी पाहून एखादी जुनी शिडाची बोट विकत घ्यावी आणि तिच्यावरच राहावे असा विचार करत आहात, आणि हिवाळ्यात थंडीने हाल होतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी आणि माझा नवरा याच शहरात, इचेन नदीवरच्या एका मरीनात (खासगी बोटी भाड्याने बांधून ठेवण्याच्या गोदीत), ३२ फुटी फायबरग्लासच्या बोटीवर राहतो, त्यामुळे हे उत्तर अनुभवावरून देत आहे. बोटीवर हिवाळा काढता येतो आणि काढणारे बरेच आहेत. मात्र तुम्ही जिची धास्ती घेतली आहे ती थंडी आटोक्यात आणणे त्यामानाने सोपे असते. खरा त्रास होतो तो पाण्याचा, आणि हे पाणी बाहेरून येत नाही. ते आपल्याच श्वासातून, स्वयंपाकातून आणि ओल्या कपड्यांतून केबिनमध्ये तयार होते.

आधी थंडीचे सांगते. इंग्लंडचा दक्षिण किनारा त्या देशाच्या मानाने सौम्य आहे. जानेवारीत दुपारी पारा सात-आठ अंशांवर असतो, रात्री दोन-तीनवर उतरतो, आणि शून्याखाली जाणाऱ्या रात्री मोजक्याच असतात. बोट ज्या पाण्यावर तरंगते ते फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांत थंड होते, तेव्हाही त्याचे तापमान सात-आठ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे कडाक्याच्या रात्री बोटीचा पाण्याखालचा भाग बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतो आणि बोटीतल्या नळ्या सहसा गोठत नाहीत. गोठतात त्या धक्क्यावरच्या पाण्याच्या नळ्या. अनेक ठिकाणी कडाक्याच्या थंडीत त्या बंदच केल्या जातात, म्हणून हवामानखात्याने गारठ्याचा इशारा दिला की टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवावी.

आता पाण्याचा हिशेब. आमच्या बोटीसारख्या बोटीच्या केबिनमध्ये जेमतेम वीस घनमीटर हवा असते. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे संपूर्ण केबिनमध्ये जास्तीत जास्त साडेतीनशे ग्रॅम. एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून दिवसाकाठी साधारण लिटरभर पाणी हवेत सोडतो. दोन माणसे एक रात्र झोपली की त्या हवेची धारणशक्ती संपते, आणि उरलेले पाणी जिथे थंड पृष्ठभाग मिळेल तिथे जाऊन बसते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, छताचे स्क्रू, कपाटांच्या मागची उघडी फायबरग्लास आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीची खालची बाजू, या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. केबिनमध्ये २० अंश तापमान आणि साठ टक्के आर्द्रता असली, तरी बारा अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरते. बोटीच्या भिंतींना घराच्या भिंतींसारखी जाडी नसते, त्यामुळे अशा वस्तू सर्वत्र असतात.

इथे आपल्याकडच्या सवयीने घात होतो. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला दमट हवा म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात ओल नको असेल तर खिडक्या लावून घ्यायच्या, हे अंगवळणी पडलेले असते. तिथे ते बरोबरही आहे, कारण जुलैमधली मुंबईची हवाच घनमीटरमागे वीस ग्रॅमहून अधिक बाष्प घेऊन येते. ती आत घेऊन काहीच वाळणार नाही. इंग्लंडच्या जानेवारीत गणित नेमके उलटते. बाहेर धुके आहे, रिमझिम पाऊस आहे, हवा शंभर टक्के दमट आहे, तरी पाच अंशांच्या त्या हवेत घनमीटरमागे सातच ग्रॅम पाणी असते. तीच हवा आत आणून २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते आणि ती केबिनमधली ओल शोषून घेऊ लागते. म्हणून पाऊस पडत असतानाही छपराखालचे एखादे वायुद्वार उघडे ठेवायचे आणि आत सतत मंद उष्णता ठेवायची, हा बोटीवरच्या हिवाळ्याचा पाया आहे. फटी बुजवून, सगळे बंद करून ऊब साठवणारी मंडळी महिन्याभरात काळ्या बुरशीशी झगडताना दिसतात.

या कारणाने उष्णता कोणत्या साधनाने मिळवता याला फार महत्त्व आहे. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. धुराडे नसलेली गॅसची शेगडी किंवा हीटर केबिन तापवण्यासाठी वापरला, तर हे सर्व पाणी आपण स्वतःच्या हाताने आत ओतत असतो. त्याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे आणि बंद केबिनमध्ये झोपेतच माणसाचा जीव घेतो. त्याचा इशारा देणारी घंटा बोटीवर असलीच पाहिजे, आणि ती बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ या मानकाची असावी. इंग्लंडच्या कालव्यांवर आणि बऱ्याच नद्यांवर राहण्याची सोय असलेल्या बोटींना २०१९ पासून ती सक्तीची आहे. समुद्रकाठच्या मरीनात तशी सक्ती नसली, तरी त्या वायूला हा फरक कळत नाही.

आमच्याकडे एबरश्पेखर या कंपनीच्या पद्धतीचा डिझेल हीटर आहे. त्याचा ज्वलनकक्ष बंद असतो, धूर बोटीच्या बाजूने बाहेर जातो आणि आत फक्त कोरडी गरम हवा येते. दोन किलोवॉटचा असा हीटर मंद चालवला तर ताशी ०.१ लिटर आणि पूर्ण जोरात पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल खातो. सुरू होताना मात्र त्याला बऱ्यापैकी वीज लागते. बॅटरी उतरलेली असेल तर तो दोनदा प्रयत्न करून बंद पडतो, आणि हे नेहमी पहाटेच घडते. डिझेलची टाकी हिवाळ्यात शक्यतो भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतले बाष्प थंडीने टाकीतच पाणी होऊन उतरते आणि त्या पाण्यात वाढणारे जंतू गाळण्या तुंबवतात. बोटीसाठी लाल रंग मिसळलेले डिझेल मिळते. त्यातल्या चालनासाठीच्या भागावर पूर्ण कर आणि उष्णतेसाठीच्या भागावर कमी कर लागतो, म्हणून विकत घेताना किती टक्के कशासाठी हे सांगावे लागते. धक्क्याला कायम बांधलेल्या बोटीवर उष्णतेचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. काही बोटींवर लहान लाकडी सरपणाची शेगडीही असते. ती देखणी दिसते, पण शिडाच्या बोटीवर सरपण कोरडे ठेवायला जागा कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

मरीनात विजेची जोडणी असेल तर काम बरेच हलके होते. साधारणपणे १६ अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे एका वेळी साडेतीन किलोवॉटच्या आसपास. हीटर, पाणी उकळण्याची किटली आणि आर्द्रताशोषक यंत्र एकदम लावले की धक्क्यावरचा खटका पडतो आणि तो पुन्हा चढवायला अंधारात बाहेर जावे लागते. आर्द्रताशोषक यंत्र हे आमच्या मते सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे, पण ते झिओलाइटच्या (ओलावा शोषणाऱ्या खनिजाच्या) चक्राचे घ्यावे, काँप्रेसरचे नव्हे. काँप्रेसरचे यंत्र थंड जागेत नीट काम करत नाही; झिओलाइटचे यंत्र शून्याच्या थोडे वरपर्यंत चालते आणि वर खोलीही थोडी तापवते. शेजारच्या बोटींशी विजेच्या अर्थिंगच्या तारेने आपली बोट जोडली जाते आणि त्यातून पाण्याखालचा धातू झिजतो, म्हणून ही झीज घडवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला आहे ना आणि बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे शिल्लक आहेत ना, हे पाहावे. सौर पट्ट्यांवर हिवाळ्यात भिस्त ठेवू नये. डिसेंबरच्या अखेरीस येथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि भरदुपारी सूर्य क्षितिजाच्या सोळा अंशच वर येतो.

गादीखाली हवा खेळेल अशी फळ्यांची किंवा जाळीची बैठक करावी आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवावी. धुतलेले कपडे केबिनमध्ये वाळत घालू नयेत. मरीनाच्या धुलाईघरातले वाळवणयंत्र वापरावे.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मराठी घरात तो प्रश्न लवकरच उभा राहणार आहे. प्रेशर कुकर ही बोटीवरची अत्यंत मोलाची वस्तू आहे. उघड्या पातेल्यात भात किंवा डाळ शिजवण्यापेक्षा त्यात वाफ कितीतरी कमी निघते आणि गॅसही कमी जळतो. गॅस प्रोपेनचा, म्हणजे लाल सिलिंडरचा घ्यावा. निळ्या सिलिंडरमधल्या ब्यूटेनचा शून्याच्या किंचित खाली वायूच होत नाही, आणि सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात असल्यामुळे नेमक्या थंड सकाळी चहा होत नाही. फोडणी देताना केबिनच्या छतातली झडप पूर्ण उघडावी. मिरचीचा ठसका वीस घनमीटरच्या खोलीत फार वेळ टिकतो आणि हिंग-मोहरीचा वास गाद्यांच्या कापडात मुरून तो कार्यालयातल्या कोटापर्यंत पोहोचतो. दही लावायचे आणि मटकीला मोड आणायचे तर हीटरच्या गरम हवेच्या नळीजवळची जागा सोडून दुसरीकडे जमत नाही. आमच्याकडे त्या जागेवरून थोडे वादही होतात, कारण ओले मोजेही तिथेच वाळतात.

बोटीच्या आत राहणे अशा रीतीने सांभाळता येते. जिवाचा धोका आहे तो बोट आणि धक्का यांच्यामधल्या दीड फुटात. तरंगता धक्का दवाने किंवा हिमाने निसरडा होतो, आणि मोठ्या उधाणाला इथे भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरचा फरक पडत असल्यामुळे ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उतरणारा पूल चांगलाच तिरका असतो. रात्री हातात सामान घेऊन, एकट्याने, चामडी तळव्याच्या बुटांनी त्यावरून चालणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. पंधरा अंशांहून थंड पाण्यात अचानक पडल्यावर माणूस अनैच्छिकपणे धापा टाकू लागतो, पाणी फुफ्फुसात जाऊ शकते आणि पोहता येणारेही पहिल्या काही मिनिटांतच बुडतात. आरएनएलआय ही १८२४ साली स्थापन झालेली जीवरक्षक संस्था म्हणूनच सांगते की पडल्यावर लगेच पोहू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या आणि मगच हालचाल करा. आम्ही काळोख पडल्यावर धक्क्यावर जाता-येताना आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट घालतो. शेजारी हसत नाहीत; तेही घालतात. धक्क्याच्या शिड्या कोठे आहेत हे दिवसा पाहून ठेवावे, कारण ओल्या कपड्यांनिशी बोटीची उभी बाजू चढून येणे जवळजवळ अशक्य असते.

वादळांबद्दल थोडक्यात. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी युनिस वादळात, येथून फार दूर नसलेल्या आइल ऑफ वाइटच्या नीडल्स टोकावर ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला, आणि तो इंग्लंडमधला विक्रम आहे. नदीच्या आडोशाला तेवढा मारा नसतो, तरी वादळाची सूचना आली की दोर दुहेरी करावेत, ते घासतात तिथे रबरी नळी चढवावी, पुढचे गुंडाळलेले शीड उतरवूनच ठेवावे आणि शीड चढवण्याचे दोर डोलकाठीपासून दूर ताणून बांधावेत, नाहीतर रात्रभर ते ॲल्युमिनियमवर आपटत राहतात आणि झोप सगळ्या धक्क्याची उडते.

परवानगीचा भाग रूक्ष असला तरी बोट घेण्याआधी तोच निकाली काढावा. पुष्कळ मरीनांच्या करारात कायम वास्तव्याला मनाई असते, आणि जिथे परवानगी असते तिथे जागांसाठी प्रतीक्षायादी असते. गुपचूप राहता येईल, असे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. तुम्ही व्हिसावर येत असल्यामुळे तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गृहखात्याला खरा पत्ता कळवावा लागतो, वाहन परवान्यावर आणि बँकेतही तो लागतो, आणि बोटीवर राहता हे विमा कंपनीला सांगितले नसेल तर नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला मात्र पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. भाडे वाचेल हा तुमचा हिशेबही पुन्हा करून पाहावा. दक्षिण किनाऱ्यावर दहा मीटरच्या बोटीच्या जागेला वर्षाकाठी कित्येक हजार पौंड लागतात, त्यावर विमा, वीज, डिझेल, आणि बोट पाण्याबाहेर काढून तळ रंगवण्याचा खर्च येतो. स्वतंत्र एका खोलीच्या घराच्या भाड्याच्या तुलनेत फायदा होतो. इतरांबरोबर घर वाटून घेणाऱ्याला होईलच असे नाही.

तुम्ही सप्टेंबरमध्ये पोहोचाल आणि लगेच बोट घ्यावीशी वाटेल. त्याऐवजी पहिला हिवाळा भाड्याच्या खोलीत काढावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, शक्यतो पाऊस पडत असताना, बोटी पाहायला जावे. तेव्हा मालक किंमतही कमी करायला तयार असतो. गादी उचलून खाली हात लावून पाहा, कपाटांच्या मागे विजेरी मारा, खिडक्यांच्या खालच्या कडेला लाकूड काळे पडले आहे का ते पाहा, आणि हीटर तुमच्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करून दाखवायला सांगा. त्यानंतरच सर्वेक्षकाला पैसे देऊन बोट पाण्याबाहेर काढून तपासून घ्या.