बेलापूरच्या मंदाताई म्हात्रे कोण, आणि त्या खरंच ३७७ मतांनी जिंकल्या का?

प्रश्न असा आहे: "सीवूड्सला नुकताच राहायला आलोय. बाकड्यांवर, बसथांब्यांवर आमदार मंदाताई म्हात्रे यांचं नाव दिसतं. त्यांचा राजकीय प्रवास काय? २०२४ ला ३७७ मतांनी जिंकल्या असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का? आणि नाईकांशी त्यांचं नेमकं काय आहे?"

हो, ३७७ च. लिहिताना पुढची दोन शून्यं राहिली असावीत असं वाटतं, पण आकडा बरोबर आहे. २३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला तेव्हा मंदा म्हात्रे ९१,८५२ आणि संदीप नाईक ९१,४७५. वजाबाकी करून बघा.

मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नेरूळला राहतोय. कुठल्याच पक्षाचा नाही. निकालाच्या दिवशी मात्र सकाळी आठला चहा, वही आणि पेन घेऊन बसायची खोड आहे. घरचे त्याला "बाबांचा सण" म्हणतात. त्या वहीच्या जिवावर हे उत्तर लिहितोय.

मंदाताई आधी राष्ट्रवादीत होत्या आणि त्याच पक्षाकडून विधान परिषदेवर आमदार होत्या. २०१४ ची विधानसभा तोंडावर आली तेव्हा त्या भाजपमध्ये गेल्या. तेव्हापासून २०१४, २०१९, २०२४ अशा तिन्ही निवडणुका बेलापूरमधून कमळावर लढल्या आणि तिन्ही जिंकल्या. विकिपीडियावर एवढंच सापडेल. पण या तीन निकालांची जात अगदी वेगळी आहे, आणि ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

इथलं राजकारण बरीच वर्षं एका घराभोवती फिरत आलंय, बोनकोड्याच्या नाईकांच्या. पूर्वी सगळ्या नवी मुंबईचा मिळून बेलापूर हा एकच मतदारसंघ होता. १९९० आणि १९९५ ला गणेश नाईक तिथून धनुष्यबाणावर निवडून आले, युती सरकारात मंत्री झाले. १९९५ ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि थोरले चिरंजीव संजीव नाईक पहिले महापौर झाले. पुढे गणेश नाईकांचं शिवसेनेशी फाटलं, १९९९ ला शिवसेनेच्या सीताराम भोईरांनी त्यांना पाडलं, आणि २००४ ला ते घड्याळावर परत आले. २००९ ला मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा पट्टा ऐरोलीत गेला आणि वाशीपासून सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, सीबीडी हा बेलापूरमध्ये. त्या वर्षी धाकटे चिरंजीव संदीप ऐरोलीतून आमदार, स्वतः गणेश नाईक बेलापूरमधून आमदार, आणि संजीव ठाण्याचे खासदार. दोन आमदार, एक खासदार, वर महापालिका, सगळं एका घरात. इथे लोक गणेश नाईकांना "दादा" म्हणतात आणि बराच काळ "दादांना विचारलं का?" हाच प्रत्येक कामाचा पहिला प्रश्न असायचा.

अशा माणसाला २०१४ ला मंदाताईंनी पाडलं.

मला तो दिवस आठवतो, १९ ऑक्टोबर. फेरी संपली की वहीत एकदा एकाच्या नावापुढे टिंब, एकदा दुसऱ्याच्या. शेवटी म्हात्रे ५५,३१६, नाईक ५३,८२५, आणि शिवसेनेचे विजय नाहटा ५०,९८३. फरक १,४९१. पण मी खूण केली ती तिसऱ्या आकड्याला. पहिला ते तिसरा यांच्यातलं अंतर अवघं ४,३३३ होतं. तिघांपैकी कुणीही आमदार झाला असता. नाहटा म्हणजे आधीचे आयएएस अधिकारी, इथलेच माजी महापालिका आयुक्त.

हे झालं कारण त्या सप्टेंबरात एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही. आदल्या खेपेला, २००९ ला, युतीत बेलापूर भाजपकडे होतं. तेव्हा सुरेश हावरे नाईकांकडून साधारण तेरा हजारांनी हरले होते. म्हणजे सेक्टरांमध्ये कमळाला मत देणारे लोक आधीपासून होते. त्यात मोदी लाट आली, काँग्रेसचा उमेदवार वेगळा उभा राहिला, आणि नाईक मंत्री राहूनही घसरले. "पैलवान पाडला" असं तेव्हा भाजपचे कार्यकर्ते सांगत फिरायचे. माझं मत विचाराल तर पैलवानाला तिघांनी मिळून धरलं होतं, पाठ टेकवायचा मान मंदाताईंना मिळाला. पण त्या जागी उभं राहायला जिगर लागते. ज्यांच्या पक्षात काल होतो त्यांच्याच विरोधात, त्यांच्याच अंगणात.

२०१९ चं थोडक्यात सांगतो, कारण त्यात लढत नव्हतीच. मजा उमेदवारी ठरण्याआधी होती. जुलैअखेर संदीप नाईक भाजपमध्ये आले, सप्टेंबरात गणेश नाईकही नगरसेवकांचा ताफा घेऊन आले. मंदाताई ज्यांना हरवून आमदार झाल्या तेच आता त्यांच्या पक्षात! बेलापूर कुणाला, यावर आमच्या बाकड्यावर पैजा लागल्या होत्या. यादी आली तेव्हा बेलापूर मंदाताईंना, ऐरोली संदीपना, आणि गणेश नाईकांना काहीच नाही. मग मुलाने वडिलांसाठी ऐरोली सोडली. मंदाताई राष्ट्रवादीच्या अशोक गावडेंना ४३,५९७ मतांनी हरवून आल्या, नाईक ऐरोलीतून त्याहूनही मोठ्या फरकाने. एकाच शहरात, एकाच पक्षाचे दोन आमदार, आणि दोघांच्या कार्यकर्त्यांचे फलक मात्र वेगवेगळे. गणपतीत, दहीहंडीत हे अजूनही दिसतं, तुम्ही या वर्षी बघालच.

आता ४३,५९७ चे ३७७ कसे झाले?

भाजपने २०२४ ला पहिल्याच यादीत मंदाताईंना बेलापूर आणि गणेश नाईकांना ऐरोली दिली. संदीप तेव्हा भाजपचे नवी मुंबईचे जिल्हाध्यक्ष होते. दोन दिवसांत राजीनामा देऊन ते शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि तुतारी वाजवणारा माणूस घेऊन बेलापुरात उभे राहिले. ऐरोलीत बाप कमळावर, बेलापुरात लेक तुतारीवर. आमच्या इस्त्रीवाल्याने मला तेव्हा विचारलं होतं, "साहेब, दादांची माणसं आता सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इकडे का?" मी हसलो, पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

संदीपमुळे ही लढत बरोबरीची झाली. नाईकांचं जाळं म्हणजे नुसते बॅनर नव्हेत. माजी नगरसेवक, महिला बचतगट, मंडळं, गावठाणातली नातीगोती, सगळं त्यात आलं. दुसरीकडे महायुतीतच फूट होती. नाहटा, जे २०१४ ला धनुष्यबाणावर होते आणि मागाहून शिंदे गटात होते, ते अपक्ष उभे राहिले. मनसेचे गजानन काळेही होते. या दोघांनी प्रत्येकी पंधरा हजारांच्या वर मतं घेतली. ती बहुतेक मतं एरवी मंदाताईंकडे गेली असती असं मला वाटतं.

मग ट्रम्पेटची गोष्ट आली, ती तुम्हाला नाईक समर्थक हमखास ऐकवतील. एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं. मतदान यंत्रावर बारीक चित्र, वाद्य वाद्यासारखंच दिसतं. त्या उमेदवाराला अडीच हजारांच्या वर मतं पडली. फरक ३७७ चा असताना अडीच हजार! त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात असंच झालं होतं. तिथे उदयनराजे साधारण ३३ हजारांनी जिंकले आणि ट्रम्पेटवाल्याला ३७ हजार मतं होती. तिथे तुतारीवर हरलेले शशिकांत शिंदे इथल्या माथाडींचे नेते, त्यामुळे वाशी मार्केटात ही जखम आधीपासून ताजी होती. संदीप नाईकांची हळहळ मला कळते. पण हिशेब पुरा मांडायचा तर नाहटा आणि काळेंची मतंही मांडावी लागतात. फक्त ट्रम्पेटचा आकडा सांगणारा माणूस अर्धी वही दाखवतोय.

मंदाताई टिकल्या त्या माझ्या मते दोन ठिकाणी. एक, गावठाण. नवी मुंबईत मतदार दोन प्रकारचे: शहर वसवणाऱ्या सिडकोने जमीन घेतली ते मूळ आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त, आणि सेक्टरांत फ्लॅट घेऊन आलेले आपण. जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करणं, मासेमारांच्या जेट्ट्या, हे गावठाणाचे विषय आणि त्यावर मंदाताई जुन्या माहीतगार. दिवाळे गावासाठी त्यांनी लावलेला जोर तिथे जाऊन बघा. खाडीकाठचं कोळीवाड्याचं गाव आहे, सीबीडीहून दहा मिनिटं. नाईकही आगरीच, त्यामुळे हे मत एकाच्या खिशात नसतं, ते वाटलं जातं. मंदाताईंनी ते वाटायला लावलं, हेच त्यांचं कसब. दुसरं म्हणजे सेक्टरांतला कमळाचा मतदार. त्याला उमेदवाराचं आडनाव फारसं महत्त्वाचं नसतं, तो चिन्ह बघून बटण दाबतो.

आणि स्वभाव. त्या स्वतःच्याच पक्षातल्या मोठ्या नेत्यावर जाहीर बोलायला कचरत नाहीत. काहींना तो आगाऊपणा वाटतो, काहींना रोखठोकपणा. गणेश नाईक डिसेंबर २०२४ ला वनमंत्री झाले, त्या तीनदा निवडून येऊनही आमदारच आहेत. मला यात थोडा अन्याय दिसतो, पण मंत्रिपदं वेगळ्या गणितावर ठरतात.

तुमच्या बाकड्याबद्दल: आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, त्यातून अशी कामं होतात आणि नाव रंगवलं जातं. आमच्या सोसायटीबाहेर असंच एक बाकडं आहे. माझी निकालाची वही संध्याकाळी तिथेच उघडली जाते.

२०२४ ला सगळ्या महाराष्ट्राचं मतदान एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला होतं. नेरूळमधल्या कितीतरी घरांची नावं अजून सातारा-सांगलीकडच्या गावच्या यादीत आहेत. आमच्या शेजारचे काका आदल्या रात्रीच बायको, दोन मुलं, सून अशी पाच मतं गाडीत घालून पाटणला गेले. निकालानंतर परत आले तर बाकड्यावर त्यांचं स्वागत काय विचारता! "काका, तुमची पाच मतं इथे असती तर आकडा ३७२ झाला असता की ३८२?"

काका चहाचा घोट घेत म्हणाले, "वहीत तीनशे सत्याहत्तरच लिहा." नक्की कुठला आकडा झाला असता, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.