वडिलांना पटवण्यासाठी पुस्तक द्यावं का?

"घरी गेलं की दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी वडिलांशी राजकारणावरून वाजतं आणि मी बॅग भरते." जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य थोड्याफार फरकाने सतत ऐकू येतं. पुण्या-मुंबईला, सुरतेला नोकरीला लागलेली मुलं-मुली आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला गावी येतात आणि परत जाताना हा सल सोबत नेतात. कुणाचे वडील डावे असतात, कुणाचे उजवे, तर कुणाचे एका नेत्याचे भक्त. प्रश्न मात्र एकच असतो. त्यांना एकदाचं समजेल असं काहीतरी सांगा. एखादं पुस्तक, एखादं भाषण.

या प्रश्नाला एका मुलीच्या अनुभवातून उत्तर देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे मांडते आहे.

ती पस्तिशीतली, माहेर धुळे जिल्ह्यातलं, नोकरी जळगावात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात. झोप लागत नाही म्हणून आली होती. वडिलांना ती नाना म्हणते. नाना हायस्कूलमधून निवृत्त झालेले, इंग्रजी आणि गणित शिकवायचे. सत्तरच्या दशकात शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा ऐन विशीतले नाना सायकल मारत तिच्या सभांना जायचे. ते आजही पक्के डावे आहेत. खानदेशात हा विचार परका कधीच नव्हता. धुळे-अमळनेरच्या गिरण्यांमध्ये तो रुजला, शहाद्याच्या जमिनीच्या लढ्यात रुजला, आणि 1978 मध्ये शरद पाटलांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो याच मातीतून.

मुलगी नेमकी दुसऱ्या टोकाला. पुण्यात शिकताना ती ज्याला लिबर्टेरियन म्हणतात त्या विचाराकडे वळली. व्यक्तीचं स्वातंत्र्य, खासगी मालमत्ता, खुला बाजार आणि सरकारचा हात कमीत कमी, असा तो विचार. तो तिने मनापासून स्वीकारलेला होता. वडिलांना खिजवण्यासाठी तिने तो धरलेला नव्हता, हे पहिल्याच भेटीत माझ्या लक्षात आलं.

"मॅडम, नानांना पंच्याहत्तरावं लागतंय. एक पुस्तक द्यायचंय. वाचून त्यांना माझं म्हणणं पटेल असं."

"पटलं तर काय होईल?"

"वाद संपेल."

"आणि नाही पटलं तर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग ते मला कायम तसंच समजतील."

"तसंच म्हणजे कसं?"

"स्वार्थी."

मागच्या आखाजीला किमान वेतनावरून वाद झाला होता. कायद्याने मजुरी ठरवली की लहान उद्योजक माणसंच कमी घेतो, असं ती म्हणाली. नाना ताटावरून उठता उठता म्हणाले, "मालकनी भाषा बोली ऱ्हायनी तू." वहिनीसमोर, भाचरांसमोर. झोप गेली ती तेव्हापासून.

माझ्या कामात मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानते. माणसाला कुणीतरी नीट ऐकून घेतलं की तो स्वतःहून हलतो, आणि ढकललं की पाय रोवून उभा राहतो. त्या दिवशी मी तिला एवढंच म्हणाले, "तुला नानांना दोन गोष्टी द्यायच्या आहेत. एक पुस्तक आणि एक दुखणं. दोन्ही एकाच कागदात गुंडाळू नकोस."

जे वाचक अशीच भेट देण्याच्या विचारात असतील त्यांनी इथे थांबून स्वतःला विचारावं. मला माझा विचार त्यांच्यासमोर ठेवायचा आहे, की मी वाईट नाही हे त्यांच्याकडून ऐकायचं आहे? दुसरं उत्तर असेल तर ते तोंडाने सांगा. "नाना, तुम्ही तसं बोललात ते मला लागलं." हे काम कोणताही लेखक तुमच्यासाठी करू शकत नाही.

पुढच्या भेटीला ती पिशवीभर पुस्तकं घेऊन आली. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण तिची पुस्तकं मी घरी नेऊन वाचली. समोरचा माणूस ज्या विचारावर उभा आहे तो विचार आपण जाणून घेऊ नये, हे मला पटत नाही.

पहिली होती आयन रँडची 1957 सालची ती हजाराहून अधिक पानांची कादंबरी, 'ॲटलस श्रग्ड'. त्या पुस्तकात कर्तबगार माणसं जगाचा भार टाकून निघून जातात आणि त्यांच्या जिवावर जगणारे मागे उरतात. विशीत ते वाचून अंगात बळ आलं, असं ती म्हणाली, आणि ते मला समजलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांची, बाजू घेतली, त्याच्या हातात हे पुस्तक गेलं की तो पहिल्यांदा एवढंच शोधणार की यात सालदार कोणत्या बाजूला आहे.

दुसरं अर्थतज्ज्ञ हायेक यांचं 1944 सालचं 'द रोड टू सर्फडम'. त्याची अर्पणपत्रिका सर्व पक्षांतल्या समाजवाद्यांना आहे, म्हणून तिला ते नेमकं वाटत होतं. पुस्तक प्रामाणिक आहे. संपन्न समाजाने प्रत्येकाला अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी द्यायला हरकत नाही, असंही हायेक त्यात म्हणतात, आणि ते वाचून नानांना आश्चर्यच वाटलं असतं. पण ते लिहिलं गेलं युद्धकाळात, सगळी अर्थव्यवस्था सरकारने आखावी की नाही या प्रश्नावर. नाना त्या प्रश्नामुळे डावे झालेले नव्हते.

तिसरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची मराठी पुस्तकं. विचार जवळचा, भाषा आपली, शेतीचा अनुभव आपला. तरी मी नको म्हटलं. शेतकरी संघटनेचं आंदोलन 1980 नंतर पेटलं तेव्हा नानांसारखे कार्यकर्ते एकच विचारत होते, मालाला भाव मिळाला तर सालदाराच्या हातात काय पडेल? नाना तो वाद उमेदीच्या वयात लढून बसले आहेत. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला तो पुन्हा त्यांच्यासमोर का ठेवायचा?

ती वैतागली. "मग काय देऊ? साडी-धोतर?"

मी तिला एक काम दिलं. रॉजर्स यांनी वाद घालणाऱ्यांसाठी एक नियम सांगितला आहे. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल अशा शब्दांत मांडून दाखवायचं. मी तिला नानांचं म्हणणं एका परिच्छेदात लिहायला सांगितलं. अट एकच होती, नानांनी त्याखाली सही करायला हवी.

तिने लिहिलं, "सरकार मायबाप आहे आणि व्यापारी चोर आहेत असं नानांना वाटतं."

"करतील सही?"

"नाही."

दुसऱ्यांदा तिने गरिबांचा कळवळा, समता असे मोठमोठे शब्द लिहिले. तेही नानांचे नव्हते. मग तिनेच कबूल केलं, "नाना असे का झाले, ते मला माहीतच नाही." मी म्हटलं, फोन कर आणि विचार. मात्र ते जे सांगतील त्यावर उत्तर द्यायचं नाही. नुसतं ऐकायचं, आणि समजलं नाही तेवढंच पुन्हा विचारायचं.

नाना आधी चकित झाले. "आज हाई कसं काय इचारी ऱ्हायनी तू?" मग बोलत राहिले. 1972 चा दुष्काळ, सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा. तिथलं एक कुटुंब दोन पिढ्या जंगलातली नेवाड, म्हणजे झाडी साफ करून लागवडीला आणलेली, जमीन कसत होतं. सातबारा नाही, कुठेही नाव नाही. फॉरेस्टवाले येत, दंड करत, एका वर्षी तर उभ्या ज्वारीत गुरं घातली. त्या घरातल्या म्हाताऱ्याने दंडाच्या सगळ्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. नानांनी कारण विचारलं तर म्हणाला, ही जमीन मी कसतो असं सरकारने लिहून दिलेला हा एकच कागद आहे. नानांच्या डोक्यात ठिणगी पडली ती तिथे. सालदारांचं, सावकाराच्या वहीचं, आखाजीपासून आखाजीपर्यंत न फिटणाऱ्या उचलीचं सगळं त्यानंतर आलं.

हे मला सांगता सांगता ती मध्येच थांबली. अशा वेळी मी बोलत नाही. समुपदेशकाच्या हातातलं सगळ्यात मोठं कसब म्हणजे अशी शांतता मोडू न देणं, आणि ते मी फार कष्टाने कमावलं आहे. पंख्याचा आवाज येत होता. ती भिंतीकडे बघत होती.

मग म्हणाली, "मॅडम, नानांचा पहिला राग सावकारावर नव्हता. सरकारवर होता."

आणि थोड्या वेळाने, "माझाही तोच आहे."

ते शब्द तिच्या तोंडून निघताना तिचे खांदे सैल झालेले मी पाहिले. इतकी वर्षं ती नानांच्या मताशी झगडत होती. त्या मताच्या मुळाशी असलेला डबा तिने कधी पाहिलाच नव्हता. माझा अनुभव असा आहे की माणसाचं राजकीय मत म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या प्रसंगाला त्याने दिलेलं उत्तर असतं. उत्तरावर वाद घालून काही हाती लागत नाही, कारण प्रसंग त्याने पाहिलेला असतो, आपण नाही. म्हणून आई-वडिलांसाठी पुस्तक निवडायचं असेल तर त्यांचं मत बाजूला ठेवा आणि तो प्रसंग शोधा. मग असं पुस्तक निवडा जे त्याच प्रसंगापासून निघून तुमच्या विचारापर्यंत पोचतं.

पुस्तक तिलाच सापडलं. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांचं 2000 सालचं 'द मिस्टरी ऑफ कॅपिटल'. लिबर्टेरियन मंडळींमध्ये त्यांना मोठा मान आहे. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नावाचा पुरस्कार त्यांना 2004 मध्ये मिळाला. पण पुस्तकातली माणसं नानांच्या ओळखीची आहेत. दे सोतोंच्या सहकाऱ्यांनी लिमा शहराच्या कडेला एका कामगाराचा छोटा शिवणकारखाना कायद्याने नोंदवून पाहिला. रोज सहा तास खपून त्याला 289 दिवस लागले आणि 1,231 डॉलर खर्च झाले, म्हणजे तिथल्या किमान मासिक वेतनाच्या 31 पट. गरिबाकडे घर असतं, जमीन असते, धंदा असतो, पण कागद नसतो. म्हणून त्याची मालमत्ता भांडवल होत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. पत्र्याच्या डब्यापासून हे फार लांब नाही. नाना इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

पुस्तक कसं द्यायचं, यावरही आम्ही बराच वेळ घालवला. माझ्या मते ते निवडीइतकंच महत्त्वाचं असतं. वाढदिवसाच्या गर्दीत द्यायचं नाही, कारण नातेवाइकांसमोर मिळालेलं पुस्तक वडिलांना जाहीर उत्तरासारखं वाटतं. आत ओळींखाली रेघा मारून द्यायचं नाही. आपण शिक्षक आणि ते विद्यार्थी, हे रेघांवरूनच कळतं. "वाचलं का?" असं विचारायचं नाही, फोनवर तर नाहीच. पहिल्या पानावर मात्र स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायचं. तिने लिहिलं, "नाना, पावत्यांच्या डब्याची गोष्ट ऐकली तेव्हापासून हे पुस्तक तुमच्यासोबत वाचावंसं वाटतंय. कुठे चुकतंय ते सांगा." शेवटचं वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. ते वाचून मला फार समाधान वाटलं.

आणि दुखणं तिने वेगळं सांगितलं. आदल्या रात्री अंगणात, ते दोघंच असताना. नाना म्हणाले, मी भाषेबद्दल बोललो होतो, तुझ्याबद्दल नाही. त्यावर ती रडली. मग नाना आत जाऊन पाणी घेऊन आले.

नानांनी पुस्तक वाचलं आणि समासात बारीक अक्षरात नोंदी केल्या. त्यांचं मतपरिवर्तन झालेलं नाही. त्यांचा आक्षेप नेमका आहे. दे सोतो म्हणतात कागद मिळाला की तो तारण ठेवता येतो, कर्ज मिळतं. नानांनी समासात विचारलं, आणि कर्ज फिटलं नाही तर? आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला 1974 मध्ये कायदा करावा लागला, आणि त्यातल्या कितीतरी जमिनींना कागद होता. म्हणूनच 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेली जमीन वारसाला मिळते, पण विकता येत नाही. त्या कायद्याच्या दाव्यांना अनेकांनी दंडाच्या जुन्या पावत्याच पुरावा म्हणून जोडल्या होत्या, हेही नानांनी तिला सांगितलं.

तिला 1974 चा कायदा माहीत नव्हता. तिने तो वाचला. तरी तिचं म्हणणं कायम आहे की विकता न येणारी जमीन ही अर्धीच मालकी, आणि आदिवासी शेतकऱ्याला काय कळतं-काय नाही हे ठरवणारं सरकार पुन्हा त्याच फॉरेस्टवाल्याच्या जागी जाऊन बसतं. नानांना हे पटलेलं नाही. दर रविवारी फोनवर यावरच बोलणं चालतं, आणि आता मध्येच फोन ठेवला जात नाही. परवा ती आली होती, पण नानांचा विषय निघालाच नाही. बढती घेऊन नाशिकला जावं की नाही, यावर तिला बोलायचं होतं.