लीडरला ओढा ओलांडायला शिकवायचं कसं?

प्रश्न: आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये चार नवे लीडर तयार करतोय. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाजवळच्या अंधारबनसारख्या जंगलवाटेवर ओढे लागतातच, तर नेमकं काय शिकवायचं? दोर बांधला की झालं ना?

उत्तर: नाही हो, दोरापासून सुरुवात करूच नका. आधी परत फिरायला शिकवा, कारण सगळ्यात अवघड तेच जातं, मागे वीस जण उभे असतात आणि प्रत्येकाला घरी पोचायची घाई असते. काठावरच्या एका दगडावर नजर ठेवायला सांगा, तो बुडायला लागला, पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत आल्या की वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतोय समजायचं आणि थांबायचं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, म्हणून सकाळी गुडघाभर होतं हे दुपारी कामाचं नाही.

मग सराव. लाइफ जॅकेट घालून, संथ आणि उथळ पाण्यात. बूट पायातच, सॅकचा कमरेचा पट्टा मोकळा, तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे घट्ट रोवायची आणि एका वेळी एकच पाय सरकवायचा. प्रवाहाच्या खालच्या बाजूला धबधबा असेल तर तिथे पाण्यात उतरायचंच नाही. पडलंच कोणी तर पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे, वेगवान पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकतो.

आणि दोर कमरेला कधीच बांधू नका, प्लीज. माणूस पडला की तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. मी स्वतः अशी गाठ घाईघाईत सोडवलीय, ओली गाठ सुटता सुटत नाही.